तीन कोऱ्या जागा

इंदुमतीबाईंची आणि माझी ओळख तक्रारीने झाली. मुलींच्या या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले आणि त्याच दुपारी नवे वेळापत्रक लावले. बाई तेव्हा वीस वर्षे गणित शिकवीत होत्या. फलकासमोर बराच वेळ उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पाचवीला शुक्रवारी एकाच तासाला दोन विषय आहेत. तुम्ही फार भरभर लिहिता." मला राग आला. वेळापत्रक मात्र बदलले.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मी एकच प्रसंग सांगते, कारण तो मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

आठवीची सहामाही परीक्षा होती. बाई तापाने आजारी, म्हणून गणिताचे पेपर मी तपासले. दशांश अपूर्णांकांचे व्यवहारी अपूर्णांक करून संक्षिप्त रूप द्यायचे, अशी दहा उदाहरणे होती. महाल वस्तीतल्या विणकर घरातली शेवंता वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीशेजारी बसली होती. तिने ०.३७५ पुढे थेट ३/८ लिहिले होते, ०.८१२५ पुढे थेट १३/१६. छेदात हजार नाही, काटछाट नाही. सात उत्तरे बरोबर, रीत एकाचीही नाही, तीन जागा कोऱ्या. मी नक्कल ठरवून मोकळी झाले. मुलीला शाळेतून काढून न्यावे, असे पत्र तिच्या वडिलांना लिहिले आणि चपराशाच्या हाती दिले. अशी घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नसे. हे मला ठाऊक होते.

त्याच सकाळी बाई कामावर परतल्या होत्या. पेपर चाळताना शेवंताच्या पेपरावरचा माझा 'नक्कल, वडिलांना पत्र' हा शेरा वाचून त्या माझ्या खोलीत आल्या.

"पत्र कुठे आहे?"

"गेले."

बाईंनी खिडकी उघडली आणि तापातून उठलेल्या आवाजात चपराशाला फाटकातूनच परत बोलावले. मग शेवंताला बोलावणे धाडले.

"नक्कल केलीस?" मी विचारले.

"मी काहून करू, बाई?" ती रडत नव्हती, याचाही मला राग आला.

"घाबरू नको वं," बाई म्हणाल्या. "शून्य दशांश सहा दोन पाच. कसं करशील?"

"घडी उलगडतो तसं. एक घडी उलगडली की दुप्पट. एक दशांश दोन पाच. अजून उलगडली, अडीच. अजून, पाच. पूर्ण झाले. तीन घड्या म्हणजे आठ भाग. पाच अष्टमांश."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आईसंग लुगड्यांच्या घड्या घालतो न मी, मले तसंच दिसते."

मी खुर्चीवरून उठले. "आता शून्य दशांश सहा!"

"एक दशांश दोन. दोन दशांश चार. चार दशांश आठ. नऊ दशांश सहा..." तिचा आवाज बारीक झाला. "हे सरतच नाही, बाई."

"पाहा!" मी म्हणाले.

"तेच पाहते आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. कोऱ्या तीन जागा ०.६, ०.३५ आणि ०.२ यांच्या होत्या. "कितीही दुप्पट करा, हे तिन्ही कधी पूर्ण होत नाहीत. शेजारणीची दहाही बरोबर आहेत. बघून लिहिणारी नेमकी हीच तीन कशाला सोडील?"

मी पत्र परत घेतले. शेवंताची माफी मात्र त्या दिवशी मागितली नाही. ती मागायला मला चार दिवस लागले.

पुढचा पंधरवडा मधल्या सुट्टीत बाईंनी डबा बाजूला ठेवून तिला दुप्पट करून न सरणाऱ्या अपूर्णांकांची पाचपट करायला शिकवले. तिची घड्यांची रीत त्यांनी तिच्याच नावाने वर्गाला सांगितली. चपराशाला परत का बोलावले, असे शिक्षिकांनी विचारले, तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "पत्रात दुरुस्ती होती." माझी चूक त्यांनी त्या खोलीबाहेर जाऊ दिली नाही. आज मीच ती बाहेर काढते आहे.

शेवंता मॅट्रिक झाली. ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी अजून भरभर लिहिते, आणि कडक पत्र लिहून झाले की दाराकडे पाहते.

बाईंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. त्यांचा आवाज फाटकापर्यंत पोहोचत राहो. मला त्याची गरज आहे.