ज्याची बस आधी, त्याचं बोलणं आधी

रावमामा सभेला आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी बस विचारायचे. "तुमची परतीची बस कितीला?" उत्तर मिळालं की ते माझ्याकडे वळायचे आणि मी वक्त्यांचा क्रम त्याप्रमाणे लावायचे. ज्याची बस आधी, तो आधी बोलणार. हुद्दा, वय, पदवी काही चालायचं नाही. एकदा एक मोठे अधिकारी आपल्याला लवकर बोलू द्यावं म्हणून आग्रह धरून बसले. रावमामा हात जोडून म्हणाले, "सार, तुम्हांला गाडी आहे, ड्रायव्हर आहे. तुम्हीं रात्रीं देखील बोलाल."

सभा असायची नदीची. चेन्नईजवळच्या कोसस्थलैयार नदीच्या खोऱ्यात पाणी कुठे कुठे तपासायचं, कोणी तपासायचं आणि निकाल कोणाला कळवायचे, हे काठच्या लोकांना विचारून ठरवायचं होतं. दोन हजारनंतरची ती वर्षं. लोकसहभाग हा शब्द तेव्हा प्रत्येक अहवालात असे आणि सभेत मात्र लोक मागच्या रांगेत असत. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी चेन्नईत आले होते आणि या कामाची व्यवस्था पाहत होते: निमंत्रणं, खुर्च्या, कॉफी, इतिवृत्त. रावमामा अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, तंजावरकडच्या मराठी घरातले. त्यांची मराठी माझ्या पुणेरी कानाला दोन-तीन पिढ्या जुनी वाटे आणि तिची चाल पक्की तमिळ. सभेत ते तमिळच बोलत, मीही ती शिकले होते; माझ्याशी मात्र मराठी. माझ्या याद्यांची त्यांना गंमत वाटायची. "काय गे, तुझी यादी म्हणजे वेद की काय? थोडं खोडायला जागा ठेव."

माणूस बोलून झाला की रावमामा त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि विचारायचे, "हेंच म्हणालांत ना?" तो हो म्हणेपर्यंत ते इतिवृत्तात जात नसे. पूंडी धरणाकडच्या एका शेतकऱ्याने तर नाही म्हणण्याचा सपाटाच लावला. "नाही सार, पाणी कमी आहे असं नाही म्हटलं. पाणी कधी सोडणार ते सांगत नाहीत, असं म्हटलं." मामांनी पुन्हा सांगितलं. "नाही सार." पुन्हा सांगितलं. शेवटी तो हो म्हणाला तेव्हा सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी घड्याळ दाखवलं. मामा म्हणाले, "उशीर झाला खरा. पण आतां तो घरीं जाऊन आपलं म्हणणं ऐकलं म्हणेल."

पाणी तपासण्याची एक छोटी पेटी आमच्याकडे होती. बाटलीत थेंब टाकायचे, रंग येतो, तो रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. ही बाटली मामा नेहमी सभेतल्या सर्वांत संशयी माणसाच्या हातात द्यायचे. एका कारखान्याचे प्रतिनिधी सुरुवातीपासून हसत होते. मामांनी त्यांनाच उठवून त्यांच्या कारखान्याखालच्या नदीचं पाणी तपासायला लावलं. रंग चढत गेला तसं हसू उतरत गेलं. "आमच्या हातानें केलं असतं तर तुम्हीं भांडला असतां," मामा प्रेमाने म्हणाले. "आतां कोणाशीं भांडाल?"

सभा जॉर्ज टाउनमधल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावरच्या हॉलमध्ये भरत. ब्रॉडवेचा बसस्टँड जवळ, म्हणून ती जागा. नदी समुद्राला मिळते त्या एन्नोरहून सेल्वी अक्का येई. खाडीत हातांनी कोळंबी धरणारी बाई, आवाज खणखणीत. संध्याकाळी माल घ्यायला कोळंबीच्या व्यापाऱ्याची गाडी वस्तीत येई, त्यामुळे तिला चारची बस गाठावीच लागे. साहजिकच दर सभेत पहिली ती बोलायची: खाडीत राख आणि काळं पाणी येतं, कोळंबी घटली, पाण्यात हात घातला की कातडी सोलवटते. मामा "हेंच म्हणालांत ना?" विचारायचे, ती हो म्हणायची आणि पिशवी उचलून निघायची.

तपासणीच्या ठिकाणांची यादी ठरली त्या दिवशीही ती अशीच निघून गेली होती. नंतर सल्लागार प्राध्यापक म्हणाले की शेवटच्या बंधाऱ्याच्या खाली भरतीचं पाणी शिरतं. तिथे नदी किती आणि समुद्र किती हे सांगता येत नाही. तेव्हा यादी बंधाऱ्यापाशी संपवावी. मामांनी मान डोलावली. नोकरीभर त्यांनी हेच मानलं होतं. खाडी वगळली गेली.

पुढच्या सभेत सेल्वी अक्काला हे कळलं. तिच्यासाठी प्रश्न सरळ होता. खाडी यादीत नसेल तर तिथलं पाणी कोणी तपासणार नाही, आणि तपासलं नाही तर तिच्या तक्रारीला पुरावा नाही. समुद्र ज्यांच्याकडे ते बंदरवाले म्हणत नदीवाल्यांकडे जा. आता नदीवालेही हात झटकत होते. ती उभी राहिली.

"सार, माझी बस चारची. म्हणून मला पहिली बोलवता. मी बोलते, जाते. मी गेल्यावर तुम्ही ठरवता. मग बस विचारता ती माझ्या सोयीसाठी की तुमच्या?"

मागे कोणीतरी हसलं. मामांनी कॉफीचा दवरा उचलला, न पिता खाली ठेवला. मग माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाले, "थोबाडींत दिली गे हिनें. बरी दिली."

त्यांनी पुढची सभा एन्नोरला ठेवली. प्राध्यापकांनी विचारलं, "तिथे पंखे आहेत का?"

"वारा आहे," सेल्वी अक्का म्हणाली. "वासही आहे. या."

जाळी विणायच्या छपराखाली आम्ही सतरंज्या घातल्या. समोर ओहोटीने उघडा पडलेला करडा चिखल. रावमामांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "बोलणं पूर्वीसारखं बसप्रमाणें. ठरवणं मात्र आजपासून पहिली बस सुटायच्या आंत, सगळ्यांसमोर." माझ्या विषयपत्रिकेतले निम्मे विषय मला तिथल्या तिथे खोडावे लागले. मग ते प्राध्यापकांना म्हणाले, "मोजमापाच्या शास्त्रांत ही नदी नव्हे, हें मी आजही म्हणतों. पण वरचं सगळं इथें येऊन बसतें आहे. हें पाहायचं नसेल तर वरचं तरी कशाला तपासतां?"

वाद बराच झाला. प्राध्यापक अखेर एका ठिकाणाला कबूल झाले, पण अट घालून: दर महिन्याला ठरल्या दिवशी, ओहोटीला, त्याच जागी पाणी घ्यायचं आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचं. एक महिना चुकला तर ठिकाण रद्द.

मामांनी सेल्वी अक्काकडे पाहिलं. "जमेल का, अम्मा?"

"चुकणार नाही," ती म्हणाली.

मग दर महिन्याला ती बाटली घेऊन येई. मी प्रयोगशाळेत देई, निकाल तमिळमध्ये लिहून परत पाठवी. पाणी सुधारलं का? फारसं नाही. पण ती आता कचेऱ्यांमध्ये जाताना आकडे घेऊन जाते आणि कोणी तिला बंदरवाल्यांकडे पाठवत नाही. आजही मी कुठलीही बैठक ठरवताना आधी विचारते की निर्णयाच्या वेळी कोण निघून गेलेलं असेल. हे मामांनी मला शिकवलं, मामांना तिने.

रावमामा गेले ते एका सकाळी, झोपेतच. मी मैलापूरच्या त्यांच्या घरी पोचले. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा बंगळूरहून निघाला होता, तो आल्यावरच न्यायचं होतं. कोणी कोणाला फोन करायचा ते मी वाटून दिलं. एन्नोरला निरोप मीच दिला होता.

दुपारी सेल्वी अक्का आली. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला, चिखलाचा. आत जाऊन तिने मामांच्या पायांना हात लावला, मामींजवळ थोडा वेळ बसली. बाहेर येऊन तिने येताना जिन्याखाली ठेवलेली बाटली काढली. महिन्याचा तो ठरलेला दिवस होता आणि हे मी, इतक्या याद्या करणारी मी, साफ विसरले होते.

"निरोप मिळाला तेव्हा ओहोटी लागत होती," ती म्हणाली. "आधी पाणी भरलं, मग आले. उलटं केलं असतं तर ते रागावले असते."

मुलगा यायला अजून अवकाश होता. मामींना सांगून मी बाटली पिशवीत उभी ठेवली आणि प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत निघाले.