कुटुमसर गुफा: पावसाळ्यात बंद

सहलीच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत ‘हवामानानुसार’ असं छापलेलं असतं. ते तुम्ही कधी वाचलं आहे का?

मी रायपूरला शंकर नगरमधल्या एका टूर ऑफिसात आहे. माझं काम आयटिनररी बनवायचं, म्हणजे कोणत्या दिवशी काय पाहायचं याचा आराखडा. त्या श्रावणात चौबे कॉलोनीच्या महिला मंडळाला बस्तरच्या डोंगरात जायचं होतं. बऱ्याच जणी पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय निघणार होत्या. मंडळाच्या प्रमुख वैद्य काकूंना चित्रकोट आणि तीरथगडचे धबधबे हवे होते, शिवाय कुटुमसरची गुफा. मी सांगितलं, पावसाळ्यात गुफेत पाणी भरतं, ती बंदच असते. काकू म्हणाल्या, समोरचा एजंट तर दाखवतो म्हणाला. आणि उठून गेल्या.

आमचे मालक मूळचे अकोल्याचे. सगळं ऑफिस त्यांना भैया म्हणतं. त्यांनी फर्मावलं, गुफा टाक आणि खाली ‘हवामानानुसार’ लिही. तिथे पोचल्यावर पाणी आजच भरलं म्हणायचं. धबधबा पाहिला की बाया गुफा विसरतात.

“मी नाही लिहिणार, भैया.”

“तू काहून हरिश्चंद्र बनून राहिली? तो राजा होता. तुले पगार मी देऊन राहिलो.”

हे बुकिंग गेलं तर माझी खुर्चीही जाईल, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

दुपारी मी काकूंना फोन केला. कोणीही लिहून दिलं तरी गुफा उघडणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

“मले ठाऊक आहे, पोरी. माझा पोरगा तिथंच, गुफेजवळच्या जगदलपूरले नोकरीवर आहे. पण गुफेचं नाव नसलं तर आमच्या बाया निघत नाहीत. तू लिहून तर दे.”

“आणि तिथे गेल्यावर?”

“तिथे तुमच्या नावानं खडे फोडू. एजंट असतो कायले?”

फोन ठेवला. लहानपणी मी बाबांबरोबर मोर्च्यांची पत्रकं वाटायची. त्या पत्रकांत फसवणारे आणि फसणारे वेगवेगळे असत. इथे सगळे एकाच बाजूला होते, आणि मी एकटीच भांडून राहिले होते. तरी आयटिनररीत मी ठळक अक्षरांत लिहिलं: कुटुमसर गुफा पावसाळ्यात बंद.

बुकिंग समोरच्याकडे गेलं. बाया गेल्या, गुफा बंद मिळाली, एजंटला पोटभर शिव्या देऊन परत आल्या. पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच गेल्या. भैयांनी मला काढलं नाही, रेल्वे तिकिटांच्या टेबलावर बसवलं. खरं बोलण्याची शिक्षा आमच्या धंद्यात एवढीच असते, पण ती रोज भोगावी लागते.

म्हणून एक करा. पुढची सहल ठरवताना काय काय दाखवाल, असं एजंटला विचारू नका. काय दिसणार नाही, ते विचारा. आणि जो सरळ उत्तर देईल, बुकिंग त्यालाच द्या.