फ्लिनच्या डाव्या बाजूचे बाण

यॅडीनाच्या धान्यकोठारांवर ग्लेनिस पोलनर सत्तावीस वर्षं प्रतवारीचं काम करत होती. सुगीत बार्लीने भरलेला ट्रक आला की ती वर चढायची, लांब नळी धान्यात खुपसून नमुना काढायची आणि ओल, काडीकचरा, दाण्याचं वजन बघून माल कुठल्या प्रतीचा ते सांगायची. ज्यांच्याबरोबर शाळेत बसली त्यांच्या मालाला तिने खालची प्रत दिली होती, आणि त्यांनी काय बोलायचं ते तिला तोंडावर बोलून घेतलं होतं. त्याचं तिला काही वाटत नसे. जे आहे ते आहे, असं म्हणून ती पुढच्या ट्रककडे वळायची.

हिवाळ्यात कोठारांवर काम थोडं. मग शनिवार फुटबॉलचा, चेंडू हातानेही खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा. मैदानाच्या कठड्याला लागून गाड्या उभ्या राहत, गोल झाला की सगळे हॉर्न वाजवत, आणि ग्लेनिस आपल्या गाडीत थर्मास पायाशी ठेवून वहीत खुणा करत बसलेली असे. ही वही तिने नवरा गेल्यानंतर सुरू केली. चेंडू कोणाच्या हाती आला, कुठल्या बाजूने आला आणि त्याने तो कुठे धाडला, याचे छोटे बाण. क्लबातल्या कोणी तिला हे करायला सांगितलं नव्हतं. पण दहा-बारा वर्षांत अशी वेळ आली की संघ निवडताना प्रशिक्षक आधी तिच्या वहीकडे बघू लागले.

त्या वर्षी संघ अगदी कोवळा होता. जुनी मंडळी खाणींवर निघून गेली, दोघांचे गुडघे गेले, आणि मैदानावर उरली ती सतरा ते बावीस वर्षांची पोरं. तरीही ऑगस्टपर्यंत संघ तिसऱ्या क्रमांकावर होता, तो मधल्या फळीच्या जिवावर. पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो, त्याच्याखाली जी झोंबाझोंबी होते ती जिंकणारी ही पोरं. त्यांत सगळ्यांत चपळ होता फ्लिन, ग्लेनिसच्या धाकट्या बहिणीचा, रॉझलिनचा, एकोणीस वर्षांचा मुलगा.

रविवारी सकाळी प्रशिक्षक ग्रँट शर्मर तिच्याकडे आला. बाहेर चिखलाचे बूट काढून मोज्यांवरच स्वयंपाकघरात बसला.

"ग्लेन, मला एक लिहून दे. मधल्या फळीत आपल्याकडे माणसं किती? पहिली चार मला ठाऊक आहेत. त्यांच्या मागची सांग."

"मागे फारसं कोणी नाही."

"तेच नीट लिही. बाद फेरीत एखादा पडला तर कोणाला उभं करायचं, याने माझी झोप उडालीय. आणि शनिवारी ॲडलेडहून माणूस येतोय फ्लिनला बघायला, मोठ्या क्लबाचा. कळलं ना?"

"रॉझने सांगितलं. तिने त्याच्यासाठी नवी बॅगसुद्धा घेतलीय."

मंगळवारी दुपारी ग्लेनिस लिहायला बसली. सात सामन्यांची पानं टेबलावर पसरली. एझ्रा लीनर्ट, सतरा वर्षांचा, धावतो भरपूर पण चेंडू हाती आला की घाबरून लगेच सोडून देतो. दुसरा एक ताकदीचा, पण सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागापर्यंत त्याचा दम संपतो. कागदावर माणसं दिसत होती, भरवसा ठेवावा असं कोणी दिसत नव्हतं. शेवटी तिने फ्लिनची पानं ओढली, केवळ बरं वाटावं म्हणून.

जूनमधले बाण दोन्ही बाजूंना पसरलेले होते. जुलैच्या पहिल्या शनिवारनंतर डावी बाजू विरळ होत गेली, आणि गेल्या दोन सामन्यांत ती जवळपास रिकामी होती. उजवीकडून आलेला एकही चेंडू तो सोडत नव्हता. डावीकडून आलेले नऊ चेंडू त्याच्या हाताजवळून गेले होते आणि त्याने हातसुद्धा हलवला नव्हता.

आधी तिला वाटलं, समोरचे त्याला त्या बाजूने अडवत असतील. पण दर शनिवारी समोर वेगळा संघ होता. मग वाटलं, खांदा दुखत असेल. मग तिला जुलैचा पहिला शनिवार आठवला. मिलबीच्या संघातल्या कोणाचं तरी कोपर त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं होतं, आठवडाभर डोळा काळानिळा होता, आणि सगळ्यांनी त्याची चेष्टा केली होती. तिनेही केली होती.

तिने पानं गोळा केली, पुन्हा पसरली, पुन्हा मोजली. आकडा तोच आला. आपण बाईमाणूस गाडीच्या काचेतून पाहिलेलं, पावसात टिपलेलं, त्यावरून पोराच्या डोळ्यांबद्दल काय सांगणार, असं तिने स्वतःला बजावलं.

बुधवारी ती रॉझकडे जेवायला गेली. मुद्दाम फ्लिनच्या डाव्या हाताची खुर्ची घेतली. कोकराचं मटण होतं, भाजलेला भोपळा होता. फ्लिन शनिवारबद्दल बोलत होता, रॉझ हसत होती. ग्लेनिसने पावाची थाळी उचलली आणि काही न बोलता त्याच्या डाव्या बाजूला धरली.

तो बोलतच राहिला. थाळी त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होती. ग्लेनिसचा हात दुखू लागला.

"अरे, मावशी केव्हाची पाव धरून बसलीय," रॉझ म्हणाली. "लक्ष कुठे आहे तुझं?"

फ्लिन दचकला. पूर्ण मान वळवून त्याने थाळी पाहिली आणि घाईघाईने एकाऐवजी दोन तुकडे उचलले.

जेवण झाल्यावर तो कुत्र्याला खाऊ घालायला मागे गेला, तशी ग्लेनिसही गेली.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"फ्लिन, मी तुझे बाण मोजलेत."

तो कुत्र्याच्या भांड्याशी उकिडवा बसून राहिला. "आधी नुसते काळे ठिपके होते, माशा उडाव्यात तसे. आता कडेला सावली येते. पण समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, मावशी. खरंच."

"आईला सांगितलंस?"

"शनिवारपर्यंत थांब ना. फक्त शनिवार. तो माणूस एकदाच येणार आहे. सोमवारी मी स्वतः डॉक्टरकडे जातो. मला मान वळवून खेळायची सवय झालीय आता."

ग्लेनिसने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिच्या गप्प राहण्याचा त्याने हवा तो अर्थ लावला आणि तिच्या खांद्यावर हात टाकून तिला आत घेऊन आला. रॉझने डब्यात उरलेलं मटण भरून दिलं. ते घेऊन ग्लेनिस घरी आली.

त्या रात्री तिने काय केलं, हे नंतर तिने कोणापाशी फारसं बोलून दाखवलं नाही. तिने ग्रँटसाठीचा कागद पुरा केला. फ्लिनचं नाव पहिल्या चारांत तसंच ठेवलं. खाली लिहिलं की त्याच्या जागी आज उभा करावा असा कोणी नाही. हे तिने एकही शब्द न खोडता लिहिलं, ही गोष्ट तिला पुढे फार लागली.

गुरुवारी सकाळी तिने नंबर शोधून ठेवला. नऊ वाजता तिने पोर्ट लिंकनच्या नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात फोन लावला. ओळखीच्या एकाला असं असं होतंय, म्हणाली. फोनवरची बाई सरळ बोलत होती. सावली हा शब्द ऐकताच तिने बोलणं तोडलं.

"कडेला सावली? पडद्यासारखी?"

"हो."

"त्यांना आजच घेऊन या. उद्या नको. आणि गाडी त्यांना चालवू देऊ नका."

ग्लेनिसने फोन ठेवला आणि शाळेत गेली. रॉझ तिथे कार्यालयात कामाला होती, मुलांच्या सहलीचे अर्ज लावत बसली होती. ग्लेनिसने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाण, ठिपके, सावली, फोनवरची बाई. रॉझच्या हातातले अर्ज हातातच राहिले.

"तुला हे कळलं कधी?"

"शंका मंगळवारी आली. खात्री काल झाली."

"काल म्हणजे माझ्या टेबलावर?"

"हो."

"आणि तू डबा घेऊन घरी गेलीस." रॉझ उठली, खुर्चीवरचा कोट ओढला. "रात्रभर तुला माहीत होतं, ग्लेन."

"मला वाटलं, मी चुकत असेन."

"तू आयुष्यात कधी आकड्यात चुकली आहेस?"

रॉझ गेली. खिडकीतून गाडी वळताना दिसली, तेवढंच.

दुपारी तीनला फ्लिनचा निरोप आला, तोही एका ओळीचा: डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, आजच विमानाने ॲडलेडला नेतायत. पुढे मावशीसाठी काही नव्हतं. ग्लेनिसने फोन उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. संध्याकाळपर्यंत हेच.

सरावानंतर निवडीची बैठक होती. ग्रँटला बातमी कळलेली होती. त्याच्या हातात तिचा कागद होता.

"यात तू लिहिलंयस, त्याच्या जागी कोणी नाही."

"तो कागद फाड."

"मग उभं कोणाला करू?"

"एझ्राला."

"तोच घाबरतो म्हणतेस ना?"

"घाबरतो. पण सात सामन्यांत तो एकदाही चुकीच्या जागी उभा नव्हता. चेंडू सोडतो, तो नेहमी आपल्याच माणसाकडे सोडतो. मी त्याचे बाण भित्रेपणाच्या खात्यात टाकले होते. आज पुन्हा पाहिले."

ग्रँटने कागद खाली ठेवला. "ग्लेन, तू ठीक आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "एझ्राचं नाव लिही."

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. रॉझने एवढंच कळवलं की झाली, पुढचं डॉक्टर नंतर सांगतील. शनिवारी ग्लेनिस मैदानावर गेली ती घरात बसवेना म्हणून. ॲडलेडचा माणूस आलाच नाही, त्याला कोणीतरी कळवलं असावं. पहिल्या भागात यॅडीनाच्या मधल्या फळीची दाणादाण उडाली. दुसऱ्या भागापासून एझ्रा जरा सावरला. कोणी पडलं की ग्लेनिसची पेन्सिल थांबायची, तो उठून दोन्ही बाजूंना बघतोय का हे पाहीपर्यंत ती पुढची खूण करत नसे. अकरा गुणांनी सामना हरले. वहीत त्या दिवसाची बरीचशी पानं अर्धवट आहेत.

दहा दिवसांनी रॉझचा फोन आला. शाळेतल्या त्या सकाळनंतर तिचा आवाज ग्लेनिस पहिल्यांदाच ऐकत होती.

"डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, त्याला विमानात बसू देत नाहीत. गाडीने आणायचंय. सात तास मला एकटीला जमणार नाही."

"मी निघते," ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ॲडलेडहून परतताना ग्लेनिस गाडी चालवत होती. रॉझ शेजारी होती, रस्त्याकडे बघत. मागे फ्लिन मांडीवर उशी घेऊन, तोंड खाली करून बसला होता. डॉक्टरांनी तसंच बसायला सांगितलं होतं. पोर्ट ऑगस्टाला थांबून त्यांनी मांस भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या घेतल्या. फ्लिनने आपली खाली बघतच खाल्ली, सगळा चुरा पायांवर सांडला.

व्हायल्ला मागे पडल्यावर तो उशीतूनच बोलला. "मावशी, मधे कोण होतं त्या दिवशी?"

"एझ्रा."

"मग?"

"आधी वाईट. नंतर बरा."

"माझ्याइतका?"

ग्लेनिसने आरशात पाहिलं. त्याची फक्त मान दिसत होती. "नाही. पण चालून जाईल इतका."

मग फ्लिन म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, डोळा राहील. कडेचं थोडं गेलंय, ते परत नाही यायचं."

"थोडं म्हणजे किती?" ग्लेनिसने विचारलं. ती डॉक्टरांचं म्हणणं पहिल्यांदाच ऐकत होती.

"माहीत नाही. एक दिवस आधी आलो असतो तर काही फरक पडला असता का, हे आईने त्यांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"सांगता येत नाही म्हणाले."

रॉझने खिडकीची काच थोडी खाली केली आणि पुन्हा वर घेतली. "किंबा गाव आलं की मी चालवते," ती म्हणाली. "तू जरा डोळे मीट."

फ्लिन त्यानंतर फुटबॉल खेळला नाही. डॉक्टरांनी मनाई केली, आणि वर्षभर तो मैदानाकडे फिरकलाही नाही. सध्या तो पोर्ट लिंकनला मामाच्या मासेमारीच्या बोटीवर आहे. महिन्यातून एकदा ग्लेनिसकडे जेवायला येतो, ताटात काय वाढलंय ते मान वळवून बघतो आणि पोटभर जेवतो. रॉझ आणि ग्लेनिस पुन्हा बोलू लागल्या. त्या बुधवारच्या रात्रीबद्दल मात्र दोघींपैकी कोणी विषय काढत नाही.

यॅडीनाचा संघ त्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरला. पुढच्या हंगामात मधल्या फळीत खेळू शकतील अशी आठ पोरं तयार झाली, आणि एझ्रा त्यांचा म्होरक्या झाला. ग्रँट आता निर्धास्त झोपतो म्हणतात. ग्लेनिसचं तसं नाही. ती अजून दर शनिवारी गाडीत बसते, आणि सामना संपल्यावर सगळे पाव आणि सूप घ्यायला आत गेले की मागे थांबून प्रत्येक पोराची डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजते. एखाद्याचा आकडा कमी दिसला तर ती त्याच दिवशी, अंगावरचा चिखल धुण्याआधीच, त्याला गाठून विचारते. पोरं कंटाळतात, मागे हसतात. एकाने तिला तोंडावर सांगितलं की मावशी, मला काही झालेलं नाही, मी फक्त वाईट खेळलो.

"असेल," ती म्हणाली. "तरी माझ्या बोटाकडे बघ."