बाराची गोळी

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला निदान दुखू तरी नये, म्हणून काय करायचं, हे आम्हा आरोग्यसेविकांना शिकवायला महाडच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. पेशंट आणायचं फर्मान माझ्यावर निघालं, कारण माझ्या हद्दीत, वरंधच्या बाजूला, एक काकी होत्या. जन्मभर मिश्री लावलेली, आता गालाला आरपार भोक.

काकी यायला तयार नव्हत्या. मी गळ घातली, "माझी परीक्षा आहे असं समजा, काकी. तुम्ही आलात तर माझी लाज राहील." मग आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, गालावर पदर धरून. निघताना सुनेने दुपारची बाराची गोळी माझ्या हातात दिली. ती मी पर्समध्ये ठेवली.

मॉर्फिनची ही गोळी दर चार तासांनी लागते. आमच्या प्रशिक्षिकेने, मुंबईहून आलेल्या बाईंनी, पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : दुखायची वाट बघू नका, घड्याळ बघा. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली होती.

प्रात्यक्षिक अकराला होतं. प्रमुख पाहुणे कशेडी घाटात ट्रकच्या रांगेत अडकले. काकींना आधीच स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, बॅनरखाली, पंख्याच्या वाऱ्यात. त्या वाऱ्यावर जखमेचा वास पुढच्या रांगेत पोचला, आणि तीन दिवस 'रुग्णाचा आत्मसन्मान' घोकणाऱ्या बायांचे रुमाल नाकाला लागले. एकीने तर सेंटचा स्प्रे काढून हवेत मारला, काकी समोरून बघत असताना. त्या वासाची मला कधी किळस आली नव्हती. त्या स्प्रेची आली.

बारा वाजले तशी मी गोळी घेऊन उठले. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "थांबा हो जरा. आत्ता दिलीत तर पाहुणे येईपर्यंत दुखणं उतरेल. मग मोजून दाखवायचं काय?"

मी थांबले. काय हा निर्लज्जपणा, असं मनात दहादा म्हटलं आणि गोळी परत पर्समध्ये टाकली. एवढ्या वर्षांची माझी नोकरी, पण वरची माणसं समोर आली की वाचा बसते. काकींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. हे लिहितानाही स्वतःची शिसारी येते.

पाहुणे पावणेदोनला उगवले. दीपप्रज्वलन झालं, पुष्पगुच्छ झाले, सेवाभावावर लांबलचक भाषण झालं. मग बाईंनी सहा चेहऱ्यांचा तक्ता काकींपुढे धरला. पहिला चेहरा हसरा, म्हणजे दुखणं शून्य. शेवटचा ढसाढसा रडणारा, म्हणजे सोसवत नाही.

"काकी, आत्ता किती दुखतंय? बोट ठेवा बघू."

काकींच्या कपाळावर घाम साचला होता. बोट पुढे आलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर टेकलं.

बाई क्षणभर गडबडल्या. पण मुरलेल्या होत्या. माइक उचलून म्हणाल्या, "बघितलंत? योग्य काळजी घेतली की दुखणं शून्यावर येतं!" टाळ्या पडल्या. मला वर बोलावून गुलाबाचं फूल दिलं, पाहुण्यांसोबत फोटो काढला. मी फूल घेतलं आणि फोटोत हसलेसुद्धा.

हॉलमागच्या व्हरांड्यात काकींना गोळी दिली. चांगल्या बाजूला मान कलती करून त्यांनी ती कशीबशी गिळली. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. मला त्यांचाच राग आला. म्हटलं, "एवढं दुखत होतं, तर हसरा कशाला दाखवलात?"

"रडका दाखवला असता तर तुला बोल लागला असता गो बाय," काकी म्हणाल्या. शब्द गालातून निसटत होते. "म्हनले असते, ही म्हातारीला नीट बघत नाय." मग दम घेऊन त्यांनी माझ्या हातातल्या फुलाकडे पाहिलं. "पास झालीस ना?"

"झाले," मी म्हणाले.