खंडेनवमीला उलटं फिरलेलं चाक

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आलोय. पिंपळाखालची बाई, रिकाम्या खोलीतली पावलं... वाचायचं, हसायचं आणि चहा प्यायचा. माझं सात रस्त्याजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं जळालेल्या मोटरी खोलतोय. मोटर बंद पडली तर कारण असतं, चालू झाली तरी कारण असतं. ‘ह्यात काहीतरी शिरलंय’ म्हणून लोकांनी आणलेल्या पंख्यांत मला दर वेळी मेलेली पाल नाहीतर तुटकी वायरच सापडली आहे.

आणि भुतांपेक्षाही मला जास्त तिटकारा कुणाचा असेल, तर ‘फ्री एनर्जी’वाल्यांचा. मोबाईलवर ते व्हिडिओ येतात ना — टेबलावर चाक गरगरतंय, बल्ब पेटलाय, आणि खाली कमेंट की सरकार हे दाबून टाकतंय! अरे, टेबलाखालची बॅटरी दाखव की आधी. आणि नशीब बघा, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवराच त्यातला निघाला.

दाजी माणूस वाईट नाहीत. भवानी पेठेत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे सहा यंत्रमाग होते, टॉवेल निघायचे. हात इतका कसबी की बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून दुरुस्त करायचे. पण कुठेतरी आपोआप फिरणाऱ्या चाकाचं चित्र बघितलं आणि डोक्यात किडा शिरला. एकदा ढकललं की कायमचं फिरत राहणारं चाक. वीज नको, डिझेल नको. अकरा वर्षं हेच. एकामागून एक चाकं झाली आणि प्रत्येक चाकासाठी मागांचं लोखंड उतरत गेलं. सहाचे दोन माग उरले.

चाक कसं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी रिम. कडेनं बारा बिजागऱ्या, प्रत्येकीला एक दांडी, दांडीच्या टोकाला कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली — अर्धी भरलेली, जळक्या ऑइलनं. उतरणाऱ्या बाजूला दांड्या बाहेर पसरायच्या, चढणाऱ्या बाजूला आत मिटायच्या. म्हणजे एक बाजू कायम जड, म्हणून चाक कायम त्याच बाजूला फिरणार, असा दाजींचा हिशोब. तो चुकीचाच आहे, कारण मिटलेल्या बाजूला बाटल्या संख्येनं जास्त असतात. हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं होतं. कागदाची त्यांनी पुडी केली आणि तंबाखू बांधली.

आणि घाण? विचारू नका. बाटल्यांची झाकणं पाझरायची. फरशी चिकट, भिंत चिकट, ऑइलमध्ये अडकून मेलेल्या माश्या, आणि सगळ्या शेडला आंबलेल्या खळीसारखा वास. दाजींची नखं काळी, दाढी वाढलेली, त्याच हातानं भाकरी मोडायचे. अक्का, म्हणजे माझी बहीण, ताट ठेवून तोंड फिरवायची. मी त्या घरी पाणीसुद्धा प्यायचं सोडलं होतं.

आठवं चाक दोन दिवस सलग फिरलं. दाजींनी गल्लीत पेढे वाटले! मी गेलो, चाकाला हातसुद्धा लावला नाही, फरशीवर तळवा टेकवला. फरशी थरथरत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग खडखडत होते, गल्लीत दोन्ही बाजूंना तेच. त्या थरथरीनं सैल बाटल्या हलत होत्या आणि चाकाला टिचक्या बसत होत्या. बाहेरच्या माणसाला हे दारातच कळलं असतं. पण जन्म ज्यांचा त्या खडखडाटात गेला, त्यांच्या पायाला ती थरथर कळतच नाही. दुपारी लाइट गेली, गल्ली गप्प झाली, आणि चाक पंधरा मिनिटांत थांबलं. दाजी म्हणाले, “दमलंय.” मी कपाळावर हात मारून घेतला.

मग नववं चाक आलं. त्याच आठवड्यात अक्का माझ्या दुकानात आली. ती सहसा येत नाही. स्टुलावर बसली, चहा नको म्हणाली.

“सुन्या, चार माग गेले, आता पाचव्यालाबी पाना लावलाय त्यांनी. दसरा झाला की मी पोरीला घिऊन मैंदर्गीला जाते. परत येत न्हाय.”

मैंदर्गी आमचं माहेर. ही बाई वीस वर्षांत भांडून एकदाही माहेरी गेली नव्हती. मी त्याच दिवशी दाजींना गाठलं आणि अट घातली. चाक सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरलं तर आम्ही दोघंही आयुष्यात त्यांना काही बोलणार नाही. थांबलं तर त्यांनी स्वतःच्या हातानं ते मोडायचं आणि राहिलेले दोन माग चालू करायचे. टेस्ट मी घेणार, दिवस मी ठरवणार.

मी खंडेनवमी ठरवली. त्या दिवशी आमच्याकडे कुठलंच यंत्र चालवत नाहीत. माग पुसतात, कुंकू लावतात, झेंडूची फुलं घालतात आणि विश्रांती देतात. अख्ख्या गल्लीची फरशी शांत असते. दाजींचा चेहरा पडला.

“मेहुणं, खंडेनवमीला यंत्र फिरवत न्हाईत की. त्यो त्येंचा दिवस असतो.”

“फिरवत नाहीत म्हणूनच,” मी म्हणालो. मला त्या वेळी रीतिरिवाजाचीही चीड आली होती.

खंडेनवमीच्या सकाळी अक्कानं दोन्ही मागांची पूजा केली. दाजींनी चाकाकडे बोट दाखवल्यावर ती म्हणाली, “त्या घाणीला मी हळदकुंकू लावणार न्हाय.” आणि ताट घेऊन आत गेली.

माझी टेस्ट कशी होती ते नीट ऐका, कारण शंका तिथेच घेतली जाईल. शेडचा मेन स्विच मी बंद केला. चाक पूर्ण खोललं, पोकळ पाइपांतून तार घालून बघितली. माझ्या दुकानातली नवी बेअरिंगं घातली. स्टँड वाळूच्या पोत्यांवर ठेवला. खिडकी बंद. आणि मोबाईल — माझा, दाजींचा, सगळे — बाहेर. आत कुणी काही लपवू नये म्हणून ही अट मीच घातली होती, त्यामुळे पुढचं एकही सेकंद माझ्याकडे रेकॉर्ड नाही.

सकाळी दहाला दाजींनी चाक ढकललं. दहा वाजून एकवीस मिनिटांनी ते थांबलं.

दाजी उठून बाहेर नळावर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता. मी पाने-पकडी गोळा करायला खाली वाकलो.

घटक्.

कुणीतरी घोट गिळावा तसा आवाज. बाटलीतलं ऑइल एकीकडून दुसरीकडे गेलं की तो यायचा. मी मान वर केली. चाक फिरत होतं... उलटं.

उलटं म्हणजे काय ते लक्षात घ्या. त्या बिजागऱ्या एकाच दिशेसाठी होत्या. उलट ढकललं तर दांड्या अडकायच्या आणि अर्ध्या फेऱ्यात चाक थबकायचं, हे मी स्वतः अनेकदा बघितलं होतं. इथे दांड्या मोडल्यासारख्या मागे लोंबत होत्या, बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि चाक फिरत होतं. घटक्, घटक्, घटक्... वेग वाढत होता. गल्लीत एकही माग चालू नव्हता. फरशीवर तळवा टेकवून बघितला — गप्प.

मी रिमवर हात ठेवला. जोरात दाबला. चाक थांबलं नाही, नुसतं माझ्या हातावर रेललं, गोठ्यात म्हैस अंगावर रेलते तसं. आणि लोखंड ऊबदार होतं. ऑइल बोटांमधून मनगटावर आलं, तेही कोमट. भीती नंतर वाटली. तेव्हा वाटली ती नुसती किळस. मी कोपऱ्यात जाऊन ओकलो.

दाराबाहेरून दाजींचा आवाज आला.

“मेहुणं... थांबलंय न्हवं नक्की? आत येऊ का?”

मी ‘या’ म्हणालो असतो तर? तर अकरा वर्षं त्यांनी ज्याची वाट बघितली ते समोर होतं. आणि अक्काची पिशवी भरलेली होती. हे बघितल्यावर तो माणूस त्या शेडमधून पुन्हा कधी बाहेर आला नसता.

“थांबलंय,” मी ओरडलो. “येऊ नका, मी खोलतोय.”

पहार आऱ्यांमध्ये घातली. दोन आरे वाकले तेव्हा कुठे चाक थांबलं. मग मी दिसेल ती बाटली उपटत सुटलो. दाजी आत आले तेव्हा मी ऑइलनं माखलेला होतो. त्यांनी काही न विचारता हातोडा उचलला आणि राहिलेलं मोडलं. दसऱ्यानंतर भंगारवाला सगळं घेऊन गेला. अक्का मैंदर्गीला गेली नाही. दोन्ही माग चालू झाले, आता तिसराही आहे.

सगळे मला दुवा देत होते आणि मला स्वतःचीच शिसारी येत होती. जगात कुणाला दिसलं नसेल असं काहीतरी त्या माणसानं केलं होतं, आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो होतो. दोन वर्षं मी दाजींच्या डोळ्यांत नीट बघितलं नाही. कुणी घटाघटा पाणी प्यायला लागलं तरी मी उठून जातो.

परवा दाजी मागाची मोटर घेऊन दुकानात आले. दाढी केलेली, नखं स्वच्छ. मला राहवलं नाही. म्हणालो, “दाजी, त्या दिवशी चाक...”

“फिरत हुतं,” ते म्हणाले. “ठावं हाय मला. दाराला कान लावून हुतो की मी.”

“मग आत का आला नाहीत?”

“ते गिळल्यागत आवाज ऐकला न्हवं. माज्या हातानं कधी फिरलं न्हाय, आन् फिरलं तेबी उलटं. मला लई वंगाळ वाटलं, मेहुणं. अंगावर काटा आला.” ते मोटरवरची धूळ पुसत राहिले. “म्हनलं, तुमी ‘या’ म्हणालात तर जावं लागंल. तुमी थांबलंय म्हणालात. लई बरं केलं.”

मग मोटर कधी मिळेल ते विचारून निघून गेले.

ते कशानं फिरलं, उलटं का फिरलं, हे मला माहीत नाही आणि दाजींनाही नाही. बेअरिंगं, वाळू, मेन स्विच, सगळं मी मनात शंभरदा तपासलंय. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त तसं चाक पुन्हा बनवून बघा म्हणू नका. आम्ही दोघंही ते बनवणार नाही, आणि कुणी बनवलेलं दिसलं तर आधी मोडू.