डिकीला खोली, आईला जागा नाही

मागे डिकी असलेल्या चारदारी मोटारीला कुणी ‘घरच्या माणसांची गाडी’ म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. घरच्या म्हणजे कुठल्या माणसांची, असं मी विचारते. ज्यांचे गुडघे वाकतात त्यांची? जे मांडीवर घडी घातलेलं उपरणं सोडून दुसरं काही कधी वाहत नाहीत त्यांची? त्या गाडीत पुढं इंजिनाला एक खोली, मागं सामानाला एक खोली आणि उरलेल्या मधल्या फटीत माणसं. असल्या रचनेचं कौतुक करणाऱ्याला मी आमच्या घरात सत्तरच्या दशकात घडलेली एक गोष्ट सांगते. ऐकून कौतुक करणारे सहसा चहा संपवून उठतात.

आमचं गाव कराडजवळ. ऊस, विहीर, दोन भावांचं एकत्र घर. त्यातले थोरले माझे चुलते आणि धाकटे माझे वडील. वडील फौजेतून परतले तेव्हा लष्करी लिलावातली एक स्टेशन वॅगन घेऊन आले. छप्पर सरळ शेवटपर्यंत गेलेलं, आणि मागं दार असं की वरची काच वर उचलायची आणि खालचा फाळका खाली पाडायचा. मूळचा हिरवा रंग वडिलांनी स्वतः घासून काढला आणि वर पांढरा दिला. गावानं तिला लगेच ‘लांबडी’ म्हणायला सुरुवात केली.

लांबडीनं काय वाहिलं नाही ते विचारा. उसाचं बेणं, तुपाचे डबे, पावसात जन्मलेलं वासरू. दुष्काळात जतकडच्या पाहुण्यांना पाण्याची पिंपं त्यातूनच गेली, आणि मेढ्याच्या आत्याचं बाळंतपण उरकल्यावर ती, तिचं बाळ आणि सुटा न करता अख्खाच्या अख्खा लाकडी पाळणा त्यातूनच परत गेले. मागची सीट पुढं पाडली की आत एक अख्खी खोली तयार व्हायची. पण हे सगळं वरवरचं. लांबडीचा खरा उपयोग एकच होता, आणि तो घरातल्या पुरुषांना कधी दिसला नाही.

तो उपयोग म्हणजे माझी आई. मी लहान असताना आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. हाड बसवणाऱ्यानं हाड बसवलं, पण उजवा पाय गुडघ्यात अजिबात वाकेना आणि कंबरेतही पुरता वाकेना. ती उभी राहायची, काठीनं चालायची, चुलीसाठी उंच ओटा करून घेतला होता त्यावर स्वयंपाक करायची. मांडी घालणं संपलं, खुर्चीत नीट बसणं संपलं. एस.टी.ची पायरी चढणं तर विसराच. जीपमध्ये एकदा चढवली तेव्हा ती ओठ चावत होती. आणि आई उंच होती, आमच्या घराण्यातल्या बऱ्याच पुरुषांपेक्षा उंच.

लांबडीचा फाळका मात्र तिच्यासाठीच बनवल्यासारखा होता. फाळका पाडला की ती त्याच्या काठावर टेकायची, पाय सरळच ठेवून. मग दोन्ही हातांवर भार देत मागं मागं सरकायची आणि आत घातलेल्या वाकळेवर रेलायची. कुणी उचलायचं नाही, कुणी बगलेत हात घालायचा नाही. गाडी निघाली की मागच्या काचेतून तिला मागं पडत जाणारा रस्ता दिसायचा. “तुमाला म्होरलं दिसतंय, मला आलेलं दिसतंय,” असं ती म्हणायची आणि हसायची. माहेरी, जत्रेला, लेकीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला, सगळीकडं ती अशीच गेली.

मग दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्न निघालं. मुलगी सांगलीची. बघायला आम्ही लांबडीतूनच गेलो. चुलते पुढच्या सीटवर फेटा सावरत बसलेले. त्या घराच्या दारात आम्ही उतरत होतो तेवढ्यात मुलीचा मामा खिडकीतून डोकावून म्हणाला, “दवाखान्याची गाडी कुणाकडं आली?” त्याला खरंच तसं वाटलं असेल. पांढरी, लांब, मागून उघडणारी. पण चुलत्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यांनी कांदेपोह्यांना हात लावला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी निकाल दिला. “ह्या मढ्याच्या गाडीतनं नवरदेव न्यायाचा न्हाई. डिकीची मोटार घ्यायाची. चारचौघांत शोभंल अशी.” वडील नुसते स्टिअरिंग फिरवत राहिले. हा माणूस सरहद्दीवर उभा राहिला होता म्हणे. घरात मात्र थोरल्या भावासमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. आणि आई मागं वाकळेवर रेलून सगळं ऐकत होती. मढ्याच्या गाडीत जिवंत बाई बसली आहे, एवढंही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

महिन्याभरात लांबडी मलकापूरच्या गादीवाल्या चाचांना विकली गेली. त्यांचा कापूस पिंजून गाद्या-उशा करायचा पिढीजात धंदा. त्यांनी गाडी बघितली, फाळका पाडला, आत एक गादी सरळ सारून बघितली आणि दुसरं काही न विचारता सौदा केला. शहाणा माणूस. आमच्या अंगणात त्या जागी काळी चकचकीत डिकीवाली मोटार उभी राहिली. चुलते रोज सकाळी तिच्या नाकावरून फडकं फिरवत. आलेल्या-गेलेल्याला डिकी उघडून दाखवत आणि बंद करत. त्या डिकीत जोंधळ्याचं एक पोतं आडवं गेलं तर दुसरं बाहेर राहायचं, आणि पाळणा तर सोडाच, उसाची मोळीसुद्धा तिच्यात शिरत नसे. पण आवाज काय छान येतो, म्हणे, डिकी बंद करताना.

आईला त्या गाडीत बसवून बघायचं लग्नाला आठवडा उरला तेव्हा कुणाला तरी सुचलं. ते मी सुचवलं, कारण बाकी कुणाच्या ते डोक्यातच नव्हतं. मागचं दार उघडलं. आईनं पाठमोरी होऊन सीटवर टेकायचा प्रयत्न केला तर डोकं छपराला लागलं. डोकं वाकवून आत सरकली, पलीकडच्या दाराला पाठ लावून रेलली, तर पाय अलीकडच्या दारातून वीतभर बाहेर. मी पाय आत घेऊ बघितला तेव्हा ती पहिल्यांदाच कळवळली. पुढच्या सीटचं तर नावच नको. दादा दार धरून उभा होता. तो म्हणाला, “दार जरा उघडं ठेवून हळू हळू गेलो तर?” नवरदेवाची अक्कल बघा. सांगलीपर्यंत दार उघडं.

चुलत्यांनी यावर जी वाट काढली ती ऐकून मी थक्क झाले. ते म्हणाले, “आवो, तसं बी आपल्यात वरमायनं अक्षता बघू नये अशी रीतच हाय. घरी थांबायाचं, सून आली की वंवाळून घ्यायाचं.”

ही रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आदल्याच वर्षी चुलत्यांच्या स्वतःच्या मुलाचं लग्न झालं होतं. माझी चुलती जरीचं लुगडं नेसून लग्नाला गेली होती, चौरंगावर बसली होती, मुलीच्या आईनं तिचे पाय धुऊन कुंकू लावलं होतं आणि तो मान पुढं सहा महिने गावभर सांगितला गेला होता. विहिणीचा मान म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे आमच्याकडं. पोरं वाढवण्यात गेलेल्या सगळ्या जन्माची पावती एकाच दिवशी, चारचौघींत मिळते. ती पावती माझ्या आईला मिळायची नाही, कारण एका मोटारीला डिकी होती. सामानाला स्वतंत्र खोली आणि आईला जागा नाही. मी हे तोंडावर बोलले. चुलत्यांनी मला शिकून शिंगं फुटल्याचं सांगितलं. वडील गोठ्याकडं गेले. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मी घरचं बगते.” आणि ओट्याशी उभी राहून भाकरी थापू लागली. तिचं लग्नासाठी घेतलेलं हिरवं लुगडं मी फळीवर बघितलं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी एकटी मलकापूरला गेले. चाचा दुकानाच्या ओट्यावर गादीला टाके घालत होते. लांबडी दारातच होती, आत कापसाचा भुगा. मी सांगितलं ते त्यांनी सुई न थांबवता ऐकलं.

“तुमचं चुलतं कावतील, ताई,” ते म्हणाले.

“कावू देत.”

“मग सकाळी येतो. दोन गाद्या आतच ठिवतो. आक्कास्नी खड्डं लागायचं न्हाईत.”

सकाळी डिकीवाली मोटार हार घालून पुढं गेली. तिच्यात नवरदेव, चुलते, चुलती आणि गाडी चालवणारे माझे वडील. बाकीचं वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि भाड्याच्या ट्रकमध्ये. अंगण रिकामं झाल्यावर चाचा आले. आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं लांबडी बघितली, ओट्यावरची परात झाकली, आणि म्हणाली, “लुगडं दे.” नेसून झाल्यावर ती फाळक्यावर टेकली आणि नेहमीसारखी मागं मागं सरकून गादीवर रेलली. वाटेत पेठ गावापाशी धूळ आत आली, आष्ट्याला ऊन चढलं. ती मात्र मागचा रस्ता बघत होती आणि अधूनमधून अंगावरचा कापूस झटकत होती.

मांडवाच्या दारात काळी मोटार हारासकट उभी होती, आणि तिच्याशेजारी चुलते. लांबडी वळताना दिसली तसे ते हात हलवत धावत आले. “मागनं घे. आचाऱ्यांकडनं मागनं घे. हितं न्हाई.” मामाही तिथंच उभा होता, ज्याला ती दवाखान्याची वाटली होती. चाचांनी गिअर बदलला आणि गाडी मागं घ्यायला लागले.

“भाऊ, हितंच थांबवा,” आई आतून म्हणाली. मोठ्यानं नाही, पण त्या स्वरात ती घरात कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

चाचांनी गाडी थांबवली. मी उतरून काच वर केली, फाळका पाडला. आई पुढं सरकत आली आणि काठावर टेकली, पाय सरळ जमिनीवर, डोक्यावर पदर आणि पदरावर कापूस. सनई चालूच होती. मांडवातल्या बायका बाहेर आल्या, त्यात मुलीची आई. हातात तांब्या आणि परात होती, कारण आत चौरंग मांडून ती वरमायची वाट बघत होती. तिला कुणी त्या नव्या रीतीविषयी सांगितलंच नव्हतं.

“माजा पाय मुडपत न्हाई, विहीणबाई,” आई म्हणाली. “मला चौरंगावर बसता यायचं न्हाई. मान ऱ्हाऊ द्या. मी फकस्त अक्षता टाकाया आले.”

मुलीच्या आईनं चुलत्यांकडं बघितलं नाही, मामाकडं बघितलं नाही. तिनं परात फाळक्याखाली, धुळीत ठेवली, खाली बसली आणि आईचे दोन्ही पाय त्यात घेऊन धुतले. पुसले. कुंकू लावलं. ओटी भरताना आईच्या पदरावरचा कापूस वेचून बाजूला केला. चुलती मागं उभी राहून बघत होती, आणि चुलते मोटारीच्या टपावरचा हार नीट करत होते, जो आधीच नीट होता. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की रडू आलं, आणि त्याच क्षणी इतका संताप आला की हे सगळं इतकं सोपं होतं. एक गाडी. एक फाळका.

संध्याकाळी निघताना काळ्या मोटारीत नवरा-नवरी बसले आणि तिच्या मागं घालायला आणलेली नवरीची ट्रंक डिकीत गेली नाही. ती लांबडीत आली. आणि तिच्याबरोबर वडील आले. मोटारीची किल्ली त्यांनी चुलत्यांच्या मुलाकडं दिली होती. ते मागच्या बाजूनं, फाळक्यावरून, आईशेजारी गादीवर चढले. छपराला लागून त्यांचा फेटा कलला. मी पुढं चाचांशेजारी होते.

आष्टा मागं पडल्यावर वडील पुढं बघून म्हणाले, “चाचा, गाडी परत देता का?”

“न्हाई हो,” चाचा म्हणाले. “धंदा हाय माजा तिच्यावर. पर आक्कास्नी कवा बी, कुठं बी जायाचं आसंल तर निस्ता निरोप धाडा. मी येतो.”

“धाडतो,” वडील म्हणाले.

“तुमी नगा,” आई म्हणाली. ती मागच्या काचेतून रस्ता बघत होती. “इकताना मला कुणी इच्यारलं न्हाई. आता निरोप माजा मी धाडीन.”