वेलाचं पहिलं फळ

“रस कडू होता का?”

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी चिखलीतल्या एका दवाखान्यात खाटेवर आडवा होतो. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताशी प्लास्टिकचा टब, आणि टबात जे होतं ते लाल होतं. मी म्हणालो, “दुधीचा रस होता साहेब. पौष्टिक असतो.” जसं काही पौष्टिक म्हटल्यावर रक्त थांबणार होतं.

“पौष्टिक राहू द्या. कडू होता का, तेवढं सांगा.”

“हो. लय कडू.”

त्यांनी नर्सला पुन्हा बीपी बघायला सांगितलं आणि माझ्याजवळ वाकले. “ही कडू दुधीची विषबाधा आहे. त्यात कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं. कडूपणा असतो तो त्याचाच. जास्त पोटात गेलं की जठराचं अस्तर आतून सोलल्यासारखं होतं. त्याच्यावर उतारा नाही. शरीर सावरेपर्यंत आपण त्याला सांभाळायचं.”

उतारा नाही. साप चावला तरी उतारा असतो हो! माझे पाय गार पडत चालले होते, आणि ते भीतीने की विषाने, हे मला कळेना. त्याच वेळी दुसरी गोष्ट आठवली आणि पहिली भीती तिच्यापुढे लहान झाली. घरी ओट्यावर त्याच रसाचा दुसरा ग्लास मी ताटली झाकून ठेवून आलो होतो. सुलभासाठी. माझ्या बायकोसाठी.

हे वाचणाऱ्यांमध्ये सकाळी उठून कसला ना कसला रस पिणारे बरेच असतील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी इथल्या एका कॉलेजात क्लर्क आहे. पन्नाशी ओलांडली आणि पँटचं बटन लागेना, तेव्हा जानेवारीत मी घरात जाहीर केलं की हे वर्ष माझं स्वतःचं. रोज मैदानावर चालायचं, पोट उतरवायचं, परसात घरची भाजी लावायची आणि मंदिरातल्या भजनात एकतारी धरायची. सुलभा पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “नव्याचे नऊ दिवस. पाहू.”

पण ह्या वेळी मी पेटलो होतो. सकाळी माझा मित्र वसंता, ज्याचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तो गल्लीतून हाक मारायचा आणि आम्ही निघायचो. दुधीचा रस त्यानेच शिकवला. बाजारातून दुधी आणायचा, मिक्सरमधून काढायचा, चालायच्या आधी अनशापोटी प्यायचा. उन्हाळ्यापर्यंत माझा पट्टा एक भोक आत गेला. मी जो भेटेल त्याला पट्टा दाखवायचो. ऑफिसात लोक मला टाळू लागले.

एकतारीसाठी मी जवळच्या उंद्री गावी ताईकडे गेलो. ताईचे दीर तिथल्या भजनी मंडळात वाजवतात आणि एकतारी स्वतः बनवतात. त्यांच्या पडवीच्या आढ्याला वाळलेले तुंबे टांगलेले होते. एक छान गोल तुंबा त्यांनी माझ्यासाठी उतरवला आणि करवतीने तोंड कापलं. आतून खडखड करत बिया पडल्या. ते दांडी शोधायला आत गेले आणि मी त्या बिया गोळा करून रुमालात बांधल्या. चांगलं बी वाया काऊन घालवायचं? भोपळा तो भोपळा. कोणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

त्या परसात लावल्या. पावसाळ्यात वेल असा माजला की संडासाची भिंत दिसेना. फळं धरली ती गोल. वसंता बघायला आला आणि म्हणाला, “दुधी तं लांबोळा राह्यते ना बे?”

“गावरान आहे,” मी म्हणालो.

संपलं. गावरान म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. वसंतानेही विचारला नाही.

आमच्या घरी रीत आहे, वेलाचं पहिलं फळ देवाचं. मी ते कोवळं फळ तोडलं, धुतलं, हळदकुंकू लावून देवघरात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा आंघोळीला गेली तेव्हा मोठ्या भक्तिभावाने त्याचा रस काढला. भाजी चिरताना सुलभा काकडी असो, दोडका असो, दुधी असो, टोकाची एक चकती आधी जिभेवर ठेवते. मी ते हजार वेळा पाहिलं होतं आणि एकदाही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. रसाचं खातं माझं. तिथे चाखणं-बिखणं नव्हतं, मिक्सरचं बटन होतं.

पहिल्या घोटाला कानामागची शीर ओढली गेली. तसा कडूपणा मी जन्मात चाखला नव्हता. लिंबू पिळलं, काळं मीठ टाकलं. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, हे शाळेत शिकलो होतो, ते तिथे जिभेने पाहिलं. मग फेकला काऊन नाही? कारण तो प्रसाद होता. प्रसाद कोणी थुकतं का? शिवाय औषध कडूच असतं, हे आईने लहानपणी नाक दाबून पाजताना पक्कं करून ठेवलेलं. मी तसंच नाक दाबलं आणि ग्लास रिकामा केला. दुसरा सुलभासाठी झाकला, न्हाणीच्या दाराशी जाऊन ओरडलो, “प्रसाद ठेवला आहे, पिऊन घे!” आणि निघालो.

मैदानावर दुसऱ्या फेरीला पोटात पीळ पडला. आधी वाटलं, पोट साफ होऊन राह्यलं. मग उलटी झाली. मग पुन्हा, आणि त्या वेळी मातीवर लाल दिसलं. वसंताने मला धरलं. “दिलीप, काय खाल्लं बे? हे रक्त होय!” पुढे त्याच्या मोटरसायकलवर मला मधे बसवून मागून कोणीतरी धरलं होतं, एवढं आठवतं.

तर मी खाटेवर, आणि ग्लास ओट्यावर. मी वसंताला म्हणालो, “घरी फोन लाव. म्हण, तो रस पिऊ नको.” त्याने लावला. रिंग गेली. पुन्हा लावला. पुन्हा रिंग गेली. माझ्या डोळ्यांसमोर ती स्वयंपाकघरात पडलेली दिसायला लागली, पाय ओट्याकडे, पदर भिजलेला. मी देवाला म्हणालो, मला ने, पण तिने तो प्रसाद प्यायलेला नको. प्रसादच पोटात जाऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारा मी पहिलाच असेन.

वसंताने आधीच एकदा फोन करून तिला बोलावलं होतं, आणि ती ऑटोत होती, फोन घरी विसरून. हे तो घाबरून सांगायचंच विसरला होता. ती दारात दिसली तेव्हा मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिलो.

“तू प्यालीस का?”

“काय हो?”

“रस!”

“जिभेले लावला अन् थुकला. जहर होता तो. देवाले हात जोडले, म्हटलं माफ कर बाप्पा, अन् न्हाणीत ओतून देला.” मग तिला टब दिसला. “तुमी... तुमी अख्खा प्याले?”

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, भर वॉर्डात, हुंदके देऊन. ती वाचली म्हणून रडलो, आणि आता माझी पाळी आहे म्हणूनही.

दुपारी बीपी खाली घसरलं. डॉक्टर म्हणाले, “शॉकमध्ये जात आहेत.” आपण शॉक बसला म्हणतो तसला हा नव्हे. रक्तदाब इतका पडतो की मेंदू, किडनी, कशालाच पुरेसं रक्त पोचत नाही. अॅम्ब्युलन्सने बुलढाण्याला हलवलं. खिडकीतून झाडं उलटी पळताना दिसत होती आणि मला वाटलं, हा रस्ता मी परत बघणार नाही. सुलभाने माझा अंगठा धरून ठेवला होता, हात नव्हे, फक्त अंगठा, कारण बाकी हाताला सुया होत्या.

बुलढाण्याच्या आयसीयूत दुसऱ्याच दिवशी एंडोस्कोपी केली. म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली लवचिक नळी तोंडातून जठरापर्यंत घालतात. घशात आधी बधिर करणारा फवारा मारतात, पण गुदमरल्यासारखं व्हायचं ते होतंच. घाबरू नका, नाकाने श्वास घ्या, एवढंच करायचं असतं. मला तेवढंही जमलं नाही, नर्सने खांदे दाबून धरले. तिथल्या डॉक्टरांनी सुलभाला फोटो दाखवला. जठराच्या आत जागोजागी सोललेलं, जागोजागी रक्त पाझरणारं. यकृताच्या तपासणीतही आकडे वाढलेले होते.

“बरे होतील ना?” तिने विचारलं.

“दोन दिवस जाऊ द्या. आज मी होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.”

पडद्याआडून हे मला ऐकू आलं. डॉक्टर लोकांना वाटतं पडदा म्हणजे भिंत.

ते दोन दिवस मी काय केलं? घाबरलो. दुसरं काही काम नव्हतं. मशीनचा आवाज बदलला की घाबरायचो, नाही बदलला की बंद पडलं का म्हणून घाबरायचो. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा सकाळी होते, दुपारी नव्हते, आणि खाटेवर नवी चादर होती. कुठे गेले, हे मी विचारलं नाही. डोळा लागायला लागला की दचकून उघडायचो. बीबी गावाकडची एक नर्स होती, ती म्हणाली, “काका, झोपा ना, काऊन जागून राह्यले?”

“झोपलो अन् उठलोच नाही तं?”

“मी आहे ना इथं. उठवते मी तुमाले.” आणि खरंच, ती येता-जाता माझ्या पायाला हात लावून जायची. त्या पोरीचं नाव मी विचारायला विसरलो.

आणखी एक भीती सांगतो, हसाल. मला वाटायचं, मेलो तर लोक काय म्हणतील? कशाने गेले हो? दुधी पिऊन. तब्येत बनवायला गेले होते. इतके महिने पट्टा दाखवत फिरलो होतो ना!

तिसऱ्या दिवशी बीपी औषधाशिवाय टिकलं. डॉक्टर म्हणाले, “आता हो म्हणतो.” सुलभा तिथेच खाली फरशीवर बसली. मुगाचं पाणी दिलं तेव्हा चमचा ओठाशी आला आणि माझं तोंड उघडेना. कडू निघालं तर? आधी तिने एक चमचा घेतला, मग मी घेतला.

ताई भेटायला आली. तुंब्याच्या बियांचं ऐकून कपाळावर हात मारून घेतला. “अरे दिल्या! तुंबा वाजवायचा राह्यते, खायचा नाई! कडू राह्यते म्हणून तं त्याले कीड लागत नाई. विचारलं काऊन नाई रे?” घरी येईपर्यंत वसंताने वेल मुळासकट उपटून खड्ड्यात पुरला होता. शेजारची शेळी खाईल म्हणून जाळायचंही त्याच्या मनात होतं, पण ओला वेल पेटेना.

तुम्हाला एवढंच सांगतो. दुधी वाईट नाही. पण दुधी, दोडका, काकडी, आधी एक तुकडा जिभेला लावा. कडू असेल तर थुका, फेका, देवासमोर ठेवलेला असला तरी फेका. देव रागावत नाही, सुलभावर नाही रागावला. चुकून गेलाच पोटात आणि उलटी सुरू झाली, तर घरी लिंबूपाणी करत बसू नका. दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना ‘रस’ सांगू नका, ‘कडू रस’ सांगा.

आता वर्ष संपत आलं आहे. मैदानावर सगळे पुढच्या वर्षाचे बेत सांगतात. वसंता मला विचारत नाही. पोट उतरलं, पण ते दवाखान्याने उतरवलं. एकतारी ताईच्या दिरांनी पूर्ण करून पाठवली, ती खुंटीला आहे. तार छेडली की तो गोल तुंबा पोटाला टेकतो आणि मला अजून मळमळतं. हळूहळू जाईल म्हणतात.

काल सुलभा कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होती. टोकाची चकती कापली आणि तोंडाकडे नेली. मी दारात उभा राहून बघत होतो. लग्न झाल्यापासून रोज, कडू निघालं तर पहिलं हिच्या जिभेवर निघणार, असंच चाललं होतं. आणि मी ताटावर बसून मीठ कमी आहे म्हणत होतो.

“आण इकडे,” मी म्हणालो.

“तुमाले काऊन पायजे? जेवाले वेळ हाये अजून.”

“इकडे आण. आता मी चाखत जाईन.”

तिने चकती हातावर ठेवली. डोळे मिटून जिभेवर ठेवली. काकडी होती. पाण्यासारखी, साधी.

“गोड आहे,” मी म्हणालो.

तिने लगेच विळी ओढली नाही. मी ती चकती गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग चिरायला लागली.